३० फुटांची तार



आज आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरांत, दिवाणखान्याच्या एखाद्या कोपऱ्यांत किंवा पुस्तकांच्या कपाटावर, वहीएवढ्या आकाराची एक पेटी असते. तिच्यावर दोनचार दिवे लुकलुकत असतात आणि मागील बाजूस तारा खोंवण्यासाठीं चौकोनी खांचा असतात. हिला राउटर म्हणतात. ही पेटी बंद पडली म्हणजे मुलांचा अभ्यास, मोठ्यांचें कचेरीचें काम आणि वृद्धांचें परदेशीं असलेल्या मुलांशीं होणारें बोलणें, हीं सर्व एकाच क्षणीं थांबतात. मग घरांतील कोणी तरी तार काढून पुन्हां खोंवून पाहतो, आणि शेवटीं कंपनीला दूरध्वनि करतो. पलीकडून ठरलेलें उत्तर येतें : "आमच्या बाजूनें सर्व ठीक आहे, बिघाड तुमच्याकडे असला पाहिजे."

बिघाड तुमचा कीं आमचा, हा वाद राउटरइतकाच जुना आहे. दोन यंत्रें जेथें एकमेकांस मिळतात त्या जागेस इंग्रजींत इंटरफेस म्हणतात. मी तिला या भाषणांत सांधा म्हणणार आहें. खुर्ची जुनी झाली म्हणजे तिचें लांकूड क्वचितच मोडतें. बहुधा सांधा निखळतो. संगणकांच्या जाळ्याचेंही तसेंच आहे. म्हणून पहिला राउटर कोणीं केला याहून, त्याचा शेजारच्या संगणकाशीं सांधा कसा जुळविला गेला, ही हकीकत मला अधिक बोधप्रद वाटते. तीच आज आपणांपुढें मांडतों.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याखालीं 'आर्पा' नांवाची एक संशोधनसंस्था होती. १९६६ सालीं तिच्या संगणक विभागाचे प्रमुख रॉबर्ट टेलर हे होते. त्यांच्या कचेरीलगतच्या खोलींत तीन टंकयंत्रें असत. एक मॅसॅच्युसेट्समधील संगणकाशीं जोडलेलें, दुसरें बर्कलीच्या आणि तिसरें सँटा मोनिकाच्या. तिन्ही संगणकांची भाषा निराळी, प्रवेश मिळविण्याची रीत निराळी. एकाशीं चाललेलें बोलणें थांबवून दुसऱ्याशीं बोलावयाचें तर उठून दुसऱ्या खुर्चीवर बसावें लागे. सरकारी पैशानें चालणारे हे संगणक एकमेकांशीं कां बोलूं नयेत, असा प्रश्न टेलर यांना पडला, आणि तें काम त्यांनीं लॉरेन्स रॉबर्ट्स या तरुण शास्त्रज्ञाकडे सोंपविलें.

१९६७ सालच्या वसंत ऋतूंत ॲन आर्बर येथें निरनिराळ्या विद्यापीठांतील संगणकप्रमुखांची सभा भरली. रॉबर्ट्स यांची योजना ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आमचा संगणक आधींच कामानें वांकला आहे. त्यावर दुसऱ्यांचे निरोप पोंचविण्याचें ओझें आम्हीं कां घ्यावें, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो अगदींच वावगा नव्हता. त्या वेळीं वेस्ली क्लार्क या गृहस्थांनीं एक साधा तोडगा सुचविला. मोठ्या संगणकांस हात लावूं नका. प्रत्येकाच्या शेजारीं एक लहान संगणक ठेवा. निरोप घेणें, तपासणें, पुढें धाडणें हें काम त्या लहान संगणकांनींच आपसांत करावें. हे लहान संगणक सर्व ठिकाणीं एकसारखे असावेत आणि मोठ्या संगणकानें केवळ आपल्या शेजाऱ्याशीं बोलण्यास शिकावें.

या सूचनेनें प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. पूर्वीं प्रत्येक संगणकानें इतर प्रत्येक संगणकाची भाषा शिकणें भाग होतें. आतां प्रत्येकास एकच सांधा जुळवावयाचा होता.

या लहान संगणकास 'इंटरफेस मेसेज प्रोसेसर', थोडक्यांत 'इंप', असें नांव मिळालें. राउटर हा शब्द त्या अर्थानें रूढ होण्यास अजून अवकाश होता. परंतु आजच्या राउटरचा मूळ पुरुष हाच. १९६८ सालीं 'आर्पा'नें सुमारें १४० कंपन्यांकडे विचारणा पाठविली आणि अखेर हें काम केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील 'बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन' या मंडळीला मिळालें. ही पेढी मूळची ध्वनिशास्त्राच्या सल्लागारांची. त्या प्रांताचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांनीं अभिनंदनाची तार पाठविली. तींत 'इंटरफेस'च्या जागीं 'इंटरफेथ' असा शब्द पडून या यंत्राला सर्वधर्मसमभावाचें कार्य चिकटलें, अशी गोष्ट सांगतात. करार १९६९ च्या १ जानेवारीपासून सुरू झाला. सप्टेंबरच्या आरंभीं पहिलें यंत्र लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठांत पोंचलें पाहिजे आणि वर्षअखेरपर्यंत चार ठिकाणीं चार यंत्रें उभीं राहिलीं पाहिजेत, अशी अट होती. हातांत आठ महिने.

कामाचे प्रमुख फ्रँक हार्ट हे विश्वसनीयतेविषयीं विलक्षण कडक होते. त्यांनीं हनीवेल कंपनीचा 'डीडीपी ५१६' हा संगणक निवडला, तोही सैन्यासाठीं बनविलेल्या भक्कम पेटींतला. पेटीचें वजन सुमारें ९०० पौंड. रंग युद्धनौकेसारखा करडा. विद्यापीठांतील जिज्ञासु विद्यार्थी यंत्र उघडून आंत बोटें घालतील, ही त्यांस मोठी धास्ती होती. यंत्राची स्मरणशक्ति १२ हजार शब्दांची, आणि प्रत्येक शब्द १६ बिटांचा. बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढीच एक खूण. आजच्या एका साध्या छायाचित्रास याच्या कित्येक पट जागा लागते.

आतां सांध्याकडे वळूं. इंपला दोन प्रकारचे सांधे होते : एक शेजारच्या मोठ्या संगणकाकडे जाणारा, दुसरा दूरच्या इंपकडे जाणाऱ्या तारेचा.

पहिल्या सांध्याची अडचण अशी कीं, चार ठिकाणचे चार संगणक चार घरांतले होते. लॉस एंजेलिस येथील 'सिग्मा ७' बत्तीस बिटांच्या शब्दांत विचार करी. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेचा 'एसडीएस ९४०' चोवीस बिटांच्या. सँटा बार्बाराचा 'आयबीएम ३६०' बत्तीस बिटांच्या, आणि युटा विद्यापीठाचा 'पीडीपी १०' छत्तीस बिटांच्या. इंपचा स्वतःचा शब्द सोळा बिटांचा. आपल्याकडे पूर्वीं कुर्डुवाडी स्टेशनावर साडेपांच फुटी रुंद मार्ग आणि बार्शी लाइटचा अडीच फुटी अरुंद मार्ग एकत्र येत, आणि माल एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढवावा लागे. येथेंही डब्यांचीं मापें निराळीं होतीं. चोवीसाच्या डब्यांतला माल सोळाच्या डब्यांत भरतांना कांहीं डबे अर्धवट राहणारच.

रॉबर्ट कान या अभियंत्यानें या सांध्याचा करारनामा लिहून काढला. त्या पेढीच्या अहवालमालेंत त्याचा क्रमांक १८२२. पुढें या सांध्यालाच 'अठराशें बावीस' असें नांव पडलें. त्यांतील युक्ति अशी : डबे मोजूंच नका. माल एकेक वीट करून हातोहात द्या. बांधकामावर मजूर ओळीनें उभे राहून विटा देतात, त्यांत घेणाऱ्याचे हात रिकामे झाल्याशिवाय देणारा पुढची वीट सोडीत नाहीं. त्याचप्रमाणें एक बाजू "ही घे बिट" अशी खूण करी आणि दुसरी बाजू ती उचलून "पुढची येऊं दे" अशी खूण करी. अशी एकेक बिट जाई. एक यंत्र चपळ आणि दुसरें मंद असलें तरी बिघडत नसे. चपळानें मंदासाठीं थांबावें, एवढाच नियम. निरोपाच्या शेवटीं एखादा शब्द अर्धवट राहिला, तर सांध्यानें एक 'एक' लिहून त्यापुढें शून्यें भरावींत. म्हणजे शेवटचा 'एक' सांपडला कीं निरोप तेथें संपला हें वाचणाऱ्यास कळावें. युक्ति किती लहान, आणि किती उपयोगाची !

यांत जबाबदारीची वांटणीही स्पष्ट होती. इंप, त्याच्या बाजूचा सांधा आणि गांवोगांवच्या तारा हें पेढीचें काम. मोठ्या संगणकाच्या बाजूचा सांधा, म्हणजे तें खास मंडल तयार करून संगणकांत बसविणें आणि त्याचें संचालन लिहिणें, हें ज्याच्या त्याच्या विद्यापीठाचें काम. दोहोंमध्यें जाणारी तार ३० फुटांहून लांब नसावी. त्यापलीकडे खुणांचा भरंवसा देतां येत नव्हता. शिवाय प्रत्येक बाजूस 'मी जागा आहें' असें दर्शविणारी एक वेगळी तार होती. ती तुटली कीं समोरचा निजला, असें समजून गप्प बसावयाचें. पुढें दूर असलेल्या संगणकांसाठीं २००० फुटांपर्यंत चालणारा दुसरा प्रकारही निघाला; परंतु आरंभ ३० फुटांपासून झाला.

दुसऱ्या सांध्याची काळजी निराळी होती. तेथें दूरध्वनि कंपनीकडून भाड्यानें घेतलेली तार होती. तींतून सेकंदाला ५० हजार बिट जात. लांबच्या प्रवासांत बिट बिघडतात. म्हणून निरोपाचे सुमारें एक हजार बिटांचे तुकडे करीत, आणि प्रत्येक तुकड्यामागें सांध्यांतील यंत्रसामग्रीच २४ बिटांचा एक पडताळा जोडी. पलीकडचा सांधा तोच हिशेब पुन्हां करून ताडून पाही. हिशेब जुळला तर पोंच देई. न जुळला तर तुकडा टाकून देऊन मूग गिळून बसे. पोंच न मिळाल्यामुळें पहिला इंप तोच तुकडा पुन्हां धाडी. याखेरीज प्रत्येक सांध्यास स्वतःकडेच वळविण्याची सोय होती : जें बाहेर जावयाचें तें मागें फिरून आंत यावें. तें जसेंच्या तसें परत आलें, तर दोष आपल्यांत नाहीं. अशा रीतीनें 'बिघाड कोणाचा' या वादाचा निकाल यंत्राकडूनच लावण्याची तजवीज पहिल्या दिवसापासून केलेली होती. पुढें या पेढीचे लोक देशाच्या दुसऱ्या टोंकाची तार बिघडत चालल्याचें दूरध्वनि कंपनीला कळवूं लागले, तेव्हां त्या कंपनीच्या माणसांना हें यांना घरबसल्या कसें कळतें, याचें मोठें आश्चर्य वाटे.

कागदावर सर्व सुरेख होतें. प्रत्यक्षांत १९६९ च्या पूर्वार्धांत हनीवेलकडून आलेला नमुना चालेना. आंत शेंकडों बारीक खुंट्यांवर तारा गुंडाळलेल्या असत; त्यांतील कित्येक भलत्याच खुंटीवर गेलेल्या होत्या. बेन बार्कर या तरुण अभियंत्यानें आराखडा पुढें ठेवून एकेक तार सोडविली आणि पुन्हां गुंडाळली. त्यानंतरचा दोष अधिक सूक्ष्म होता. यंत्र तासन् तास उत्तम चाले आणि एकाएकीं, कांहीं कारण न दाखवितां, बंद पडे. असा दोष शोधणें फार कठीण. कारण पाहूं गेलें कीं तो दिसत नाहीं.

यंत्रभागाचे प्रमुख सेव्हेरो ऑर्नस्टीन यांना कारणाचा संशय आला. यंत्र आपल्या घड्याळाच्या ठोक्यावर चालतें. बाहेरची खूण मात्र वाटेल त्या क्षणीं येते. ती ठोक्याच्या आधीं आली कीं नंतर, हें आंतल्या एका मंडलानें ठरवावयाचें असतें. लक्षावधि वेळां निर्णय बिनचूक होतो. परंतु क्वचित् खूण नेमकी ठोक्यावरच येते, आणि वर फेंकलेलें नाणें कडेवर उभें राहावें तसें तें मंडल क्षणभर ना इकडे ना तिकडे असें राहतें. तेवढ्या क्षणांत यंत्राचा एक भाग "आली" समजून चालूं लागतो आणि दुसरा "नाहीं" समजून. हनीवेलच्या अभियंत्यांस हें आरंभीं पटेना. ऑर्नस्टीन आणि बार्कर यांनीं तो दोष उजेडांत आणून दुरुस्ती करविली. ध्यानांत घ्या, हा दोष सांध्यांतलाच होता. एकटें चालणाऱ्या यंत्रास तो फारसा बाधत नाहीं. ज्याला सतत बाहेरच्यांची हांक ऐकावयाची आहे, त्यालाच तो जाचतो.

इकडे लॉस एंजेलिसमध्यें लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेंत 'सिग्मा ७'च्या बाजूचा सांधा करावयाचा होता. संगणक बनविणाऱ्या कंपनीनें त्यासाठीं फार मोठी मुदत मागितली. तेव्हां माईक विंगफील्ड या विद्यार्थ्यानें तें काम अंगावर घेतलें आणि अवघ्या कांहीं आठवड्यांत, मुदतीपूर्वीं, पुरें केलें. यांतील विशेष हा कीं, ज्या यंत्राशीं हा सांधा जुळावयाचा होता तें यंत्र त्याच्या खोलीपासून सुमारें तीन हजार मैलांवर तयार होत होतें. त्याच्या हातीं होता तो कानचा लेखी करारनामा. दोन कारागीर, एकानें बिजागरीचें अर्धें पान मुंबईस घडवावें आणि दुसऱ्यानें उरलेलें अर्धें कलकत्त्यास, आणि दोन्ही एकत्र आणल्यावर खिळा सरळ आंत जावा, अशांतला हा प्रकार.

१९६९ च्या ३० ऑगस्ट रोजीं, शनिवारीं, विमानानें इंप आला. खोका उतरला तो उलटा. तो प्रथम सुलटा करावा लागला. बोल्टर हॉल या इमारतीच्या ३४२० क्रमांकाच्या खोलींत यंत्र उभें केलें, वीज दिली, आणि उपस्थितांस एक नवल दिसलें. यंत्राची स्मृति लोहचुंबकी कड्यांची असल्यामुळें वीज गेली तरी पुसली जात नसे. केंब्रिजमध्यें बंद करतांना संचालन जेथें थांबलें होतें, तेथूनच तें पुढें सुरू झालें. ३० फुटांच्या आंतली तार दोन्ही टोंकांस जोडली, आणि २ सप्टेंबर रोजीं 'सिग्मा ७' आणि इंप यांच्यामध्यें बिटांची देवघेव रीतसर सुरू झाली. एकमेकांस कधीं न पाहिलेल्या माणसांनीं केलेले दोन अर्धे भाग जुळले होते. मला स्वतःला या सबंध इतिहासांतील हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो. लोक मात्र पुढचा क्षण स्मरतात.

तो क्षण २९ ऑक्टोबरचा. दुसरा इंप सुमारें साडेतीनशें मैल दूर, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत बसविलेला होता. रात्रीं साडेदहा वाजतां चार्ली क्लाइन या विद्यार्थ्यानें तेथील संगणकांत प्रवेश मागण्यासाठीं 'लॉगिन' हा शब्द एकेक अक्षर करून धाडण्यास आरंभ केला. पलीकडे बिल डुव्हाल दूरध्वनीवरून काय दिसतें तें सांगत होते. 'एल' पोंचला, 'ओ' पोंचला, 'जी'बरोबर पलीकडचा संगणक कोसळला. कारण शोधतां असें आढळलें कीं, तेथील संगणकानें शब्द ओळखून उरलेलीं अक्षरें आपण होऊन एकदम परत धाडलीं, आणि त्यांसाठीं राखलेली जागा अपुरी पडली. मंदगति टंकयंत्रांसाठीं बेतलेली ती जागा. जाळें त्याहून कितीतरी वेगवान. सुमारें तासाभरानें दुरुस्ती होऊन पुरा शब्द गेला. यांत इंप, तार आणि अठराशें बावीस यांपैकीं कोणाचाही दोष नव्हता. आणि तसें लगेच सांगतां आलें, हाच त्या चोख वांटणीचा पहिला लाभ. नोव्हेंबरांत सँटा बार्बारा आणि डिसेंबरांत युटा हीं ठिकाणें जोडलीं गेलीं, आणि चार यंत्रांची अट वर्ष संपण्यापूर्वीं पुरी झाली.

हें जाळें, 'आर्पानेट', १९७३ सालीं समुद्र ओलांडून नॉर्वे आणि लंडन येथें पोंचलें. परंतु तोंवर दुसरीं जाळींही जन्मास आलीं होतीं : कोणी रेडिओवर चालणारें, कोणी कृत्रिम उपग्रहावर, कोणी एकाच इमारतींतल्या जाड तारेवर चालणारें ईथरनेट. आतां संगणक-संगणकांच्याऐवजीं जाळ्या-जाळ्यांचा सांधा हवा होता. १९७४ सालीं व्हिंटन सर्फ आणि तेच रॉबर्ट कान यांनीं त्याची योजना प्रसिद्ध केली. दोन जाळ्यांच्या वेशीवर एक यंत्र असावें. त्याचा एक सांधा या जाळ्यांत आणि दुसरा त्या जाळ्यांत. आणि कोणत्याही जाळ्यास आपली अंतर्गत रीत बदलावी लागूं नये. या वेशीवरच्या यंत्राचें, म्हणजे गेटवेचें, पहिलें संचालन त्याच पेढींतील व्हर्जिनिया स्ट्रॅझिसार या बाईंनीं लिहिलें. १९७७ च्या २२ नोव्हेंबर रोजीं रेडिओ, उपग्रह आणि आर्पानेट या तीन जाळ्यांतून एकच संदेश सुखरूप गेला. १९८३ च्या १ जानेवारीपासून सबंध आर्पानेट या नव्या रीतीवर चालूं लागलें.

यानंतर राउटरचें रूप पालटलें. १९८० नंतर स्टॅनफर्ड विद्यापीठांत विभागाविभागांचीं निराळीं जाळीं जोडण्यासाठीं विल्यम येगर यांचें संचालन आणि अँडी बेक्टोल्शाइम यांनीं आंखलेलीं मंडलें मिळून एक निळी पेटी तयार झाली. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स येथें नोएल चियापा यांनीं अनेक रीतींचीं जाळीं जोडणारें असेंच यंत्र केलें. स्टॅनफर्डमधील लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या दांपत्यानें १९८४ च्या डिसेंबरांत सिस्को ही कंपनी काढली. तिचा १९८६ चा राउटर स्टॅनफर्डच्या त्या निळ्या पेटीच्याच वंशांतला. त्यावरून विद्यापीठाशीं वाद झाला आणि १९८७ सालीं परवाना देऊन तो मिटला.

या पेट्यांत नवें काय होतें ? आंत पुस्तकांच्या मांडणीसारखे खण होते. ज्या प्रकारचें जाळें जोडावयाचें त्या प्रकारचें मंडल, म्हणजे कार्ड, खणांत सरकवावयाचें. ज्या कामास विंगफील्डसारख्या कुशल विद्यार्थ्याचे आठवडे खर्ची पडले, तें आतां कांहीं मिनिटांचें झालें. तंत्रज्ञ वीज बंद करतो. अंगांतील स्थिर विजेनें मंडलास इजा होऊं नये म्हणून मनगटाला भूमीशीं जोडलेला पट्टा बांधतो. कार्ड पाठीमागच्या जोडणीपर्यंत नीट दाबून बसवितो आणि मळसूत्रें आवळतो.

परंतु कार्ड बसलें म्हणजे सांधा झाला असें नव्हे. त्याला ओळख द्यावी लागते. प्रथम पत्ता : हा सांधा कोणत्या जाळ्याचा, आणि त्या जाळ्यांत याचा क्रमांक कोणता. पत्त्याचा किती भाग गांवाचा आणि किती घराचा, हेंही सांगावें लागतें. दोन राउटर एकाच तारेनें सरळ जोडले, तर ठोका कोणीं द्यावयाचा हें ठरवावें लागतें. दोघांनींही दिला तर गोंधळ, कोणींच न दिला तर शांतता. कांहीं कंपन्यांच्या राउटरांत नवा सांधा मुद्दाम बंद ठेवलेला असतो. सर्व सांगून झाल्यावर "आतां उघड" अशी आज्ञा दिल्यावांचून तो बोलत नाहीं. शेवटीं हें सर्व टिकाऊ स्मृतींत उतरवून ठेवावें लागतें. जुन्या इंपच्या कड्या वीज गेल्यावरही आठवण ठेवीत. नव्या यंत्रांत हें उतरविणें राहून गेलें, तर रात्रीं वीज जाते आणि सकाळीं दिवसभराचें काम पुसलेलें दिसतें.

आपल्या देशाचा या इतिहासाशीं संबंध याच टप्प्यावर आला. १९८६ सालीं भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्यानें 'अर्नेट' हें शिक्षणसंस्थांचें जाळें हातीं घेतलें. त्यांत पांच आय. आय. टी., बंगलोरची विज्ञानसंस्था आणि मुंबईचें 'एन. सी. एस. टी.' हें केंद्र होतें. जुहू येथील या केंद्रांतून देशाच्या जाळ्याचा बाहेरच्या जगाशीं सांधा जुळला. सामान्य नागरिकास इंटरनेट मिळालें तें पुढें १९९५ च्या १५ ऑगस्टपासून.

आतां सांधा चोख असला म्हणजे सर्व सुरक्षित, असें कोणी समजूं नये. १९८० च्या २७ ऑक्टोबर रोजीं सबंध आर्पानेट कित्येक तास बंद पडलें. इंप एकमेकांस आपली स्थिति कळविणारे क्रमांकित संदेश धाडीत. एका यंत्राच्या स्मृतींत कांहीं बिट गळल्या आणि ४४ क्रमांकाच्या एका संदेशाचे ४४, ४० आणि ८ असे तीन झाले. क्रमांक ६३ नंतर पुन्हां शून्यावर येत असल्यामुळें त्या नियमानें ८ हून ४० नवा, ४० हून ४४ नवा, आणि ४४ हून पुन्हां ८ नवा, असें चक्र पडलें. प्रत्येक इंप तिघांनाही नवें समजून पुढें धाडीत राहिला, आणि दुसऱ्या कामास कोणाला सवड उरली नाहीं. तारेवरचा तो २४ बिटांचा पडताळा कोठें गेला होता ? तो जागेवरच होता. पण तो तारेचें रक्षण करीत होता. बिट गळल्या त्या यंत्राच्या पोटांत, जेथें पहारा नव्हता. असे संदेश दुर्लक्षावेत अशी आज्ञा सर्व इंपांत घालून जाळें पुन्हां सुरू करावें लागलें.

दुसरें उदाहरण अलीकडचें. २०२१ च्या ४ ऑक्टोबर रोजीं देखभालीच्या कामांत दिलेल्या एका आज्ञेनें फेसबुक कंपनीचे स्वतःच्या केंद्रांना जोडणारे सर्व मुख्य सांधे एकदम तुटले. अशी आज्ञा अडविण्यासाठीं ठेवलेल्या तपासणींतही दोष होता. फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारें सहा तास जगभर बंद राहिले. दुरुस्त करणाऱ्यांची नेहमींची वाट त्याच जाळ्यांतून जात होती; म्हणून त्यांस प्रत्यक्ष उठून यंत्रांजवळ जावें लागलें. अर्धशतक लोटलें, वेग लाखों पटींनीं वाढला, तरी शेवटीं माणसानें यंत्रासमोर उभें राहून सांधा तपासावा लागतो, तो असा.

१९९० च्या २८ फेब्रुवारीस आर्पानेट कायमचें बंद झालें. पहिला इंप मात्र बोल्टर हॉलमधील त्याच खोलींत जपून ठेवलेला आहे. तें यंत्र जुनें झालें. त्याचा वेग, त्याची स्मृति यांचें आज कोणास कौतुक वाटणार नाहीं. परंतु त्याच्याबरोबर जी रीत जन्मली ती जुनी झालेली नाहीं. काम सुरू करण्यापूर्वीं सीमा आंखावी. कोणाचें काय हें लिहून ठेवावें. मंद असेल त्यासाठीं चपळानें थांबावें. आणि बिघाड झाला तर प्रथम आपली बाजू स्वतःकडे वळवून तपासावी, मग समोरच्याकडे बोट दाखवावें. घरची पेटी पुन्हां बंद पडेल तेव्हां हें शेवटचें कलम अवश्य आठवावें. तार काढून पुन्हां खोंवून पाहणें ही अनाड्याची खटपट नसून, १९६९ सालापासून चालत आलेल्या त्याच तपासणीची ती पहिली पायरी आहे.